फीडमध्ये आपली माणसं दिसतात का तुम्हाला?

अर्धविराम | सोमवार, २२:४०

गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली. ती मनातून जात नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिची आई गेली. तिने त्याच दिवशी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, आईचा एक जुना फोटो टाकला. मला कळलं नऊ दिवसांनी, तेही दुसऱ्या एका मैत्रिणीच्या फोनवर. बरं, त्या नऊ दिवसांत मी फेसबुक उघडलं नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. रोज उघडलं, रोज अर्धा-पाऊण तास घालवला. काय पाहिलं ते आठवायचा प्रयत्न केला. कुणीतरी मळका गालिचा धुतोय. कुत्रा आणि बदकाची मैत्री. कुठल्याशा नटाच्या घराची सैर. 'या तीन चुका कधीच करू नका'. बुटांची जाहिरात, जे बूट मी आधीच विकत घेतलेत. ज्या बाईंनी मला सायकल चालवायला शिकवली, त्या गेल्याचं त्यात कुठेच नव्हतं.

आम्ही दोघी मैत्रिणी आहोत हे त्या यंत्रणेला पक्कं माहीत आहे. पंधरा वर्षांचे एकत्र फोटो तिथेच पडलेत.

तुमच्याही फीडमधून ओळखीची माणसं नाहीशी झाली आहेत का? की माझंच काही सेटिंग बिघडलंय? कुणी काही उपाय केला असेल तर कृपया सांगा.

वाटसरू२२ | सोमवार, २२:५८

सेम. भाऊ नोकरी बदलून दुसऱ्या देशात गेला, सगळं लिहिलं होतं म्हणे. मला पत्ताच नाही.

शब्दवेडी | सोमवार, २३:०५

अर्धविराम, वाचून वाईट वाटलं. मैत्रिणीला फोन केलास का गं? आधी तो कर, मग धाग्याकडे बघ.

कानामात्रा | सोमवार, २३:३१

अर्धविराम, तुमचं सेटिंग बिघडलेलं नाही. याला आता कोर्टात मांडलेला आकडा आहे.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) मेटावर, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीवर, मक्तेदारीचा खटला भरला होता. २०२५च्या एप्रिलमध्ये त्याची सुनावणी सुरू झाली. तिथे मेटानेच सांगितलं की फेसबुकवर लोक जो वेळ घालवतात त्यातला १७ टक्के वेळ मित्रांनी टाकलेलं बघण्यात जातो. इन्स्टाग्रामवर तर फक्त ७ टक्के. दोन वर्षांपूर्वी हेच आकडे २२ आणि ११ होते. कंपनीने ही गोष्ट लपवली नाही, बचाव म्हणून पुढे केली. आमची स्पर्धा आता टिकटॉक आणि यूट्यूबशी आहे, मित्रांना जोडण्याच्या धंद्यात आमची मक्तेदारी कशी म्हणता, असा एकूण सूर होता. न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी नोव्हेंबर २०२५मध्ये मेटाच्या बाजूने निकाल दिला.

मला त्या निकालाचा कायदेशीर भाग पटतो की नाही हा वेगळा विषय. पण ज्या कंपनीने 'मित्र' हा शब्द बटणावर छापला, तिनेच मित्र हे आमचं मुख्य काम उरलेलं नाही असं कोर्टात सिद्ध करून दाखवलं, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसून होतो.

जुनापिंपळ | मंगळवार, ०६:५०

सकाळी सकाळी धागा वाचला. मी २००७पासून फेसबुकवर आहे, त्यामुळे थोडा इतिहास सांगतो.

मी येण्याच्या आधी फीड नावाची वस्तूच नव्हती. कुणाचं काय चाललंय ते बघायला त्याच्या पानावर जावं लागायचं, जसं आपण कुणाच्या घरी जातो तसं. सप्टेंबर २००६मध्ये न्यूज फीड आलं तेव्हा लोक प्रचंड चिडले होते. विरोधासाठी फेसबुकवरच गट निघाले, लाखो लोक त्यांत सामील झाले. ती चिडचिड खरी होती, पण सवय लागली. मग फेब्रुवारी २००९मध्ये 'लाइक'चं बटण आलं आणि कशाला किती लाइक मिळाले त्यावर काय वर दिसावं हे ठरायला लागलं. इन्स्टाग्रामने २०१६मध्ये तारखेनुसार क्रम सोडला. माझ्या लेखी आपली माणसं तेव्हाच मागच्या रांगेत गेली. त्याआधी एक नियम सगळ्यांना कळत होता: जो शेवटी बोलला तो वर. आता तो क्रम कोण ठरवतं ते तुम्हालाही सांगता येत नाही आणि मलाही.

आणि गूगल रीडर, आपण निवडलेल्या साइटवरचं नवं लिखाण एका जागी दाखवणारं! १ जुलै २०१३ला बंद केलं. ज्यांनी वापरलं त्यांनाच त्याची हळहळ कळेल. मी निवडलेल्या सत्तर जागा, मी निवडलेला क्रम, आणि वाचून झालं की 'संपलं' असं ते सांगायचं. संपण्याची ती जागा मला अजून आठवते.

खिडकीपाशी | मंगळवार, ०८:१२

जुनापिंपळ काका, शेवटच्या ओळीला शंभर वेळा अनुमोदन.

न संपणाऱ्या स्क्रोलची रचना अझा रास्किन या डिझायनरने २००६मध्ये केली. पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. पान उलटायला जे बोट थांबायचं, तेवढा एक क्षण त्याने काढून टाकला होता. त्याच क्षणात आपण 'पुरे आता' म्हणायचो.

रेघोट्या | मंगळवार, १०:२०

मी थोडं विरुद्ध बोलणार आहे, रागावू नका.

मी चित्रं काढते. कुणाची ओळख नाही, कुठल्या गॅलरीत शिरकाव नाही. फक्त ओळखीच्यांनाच माझी चित्रं दिसत राहिली असती तर आज मला बघणारे साठ लोक असते, त्यातले चाळीस नातेवाईक. अनोळखी माणसांसमोर माझं काम नेऊन ठेवलं ते याच अल्गोरिदमने. मुखपृष्ठांची कामं मिळाली, एका मुलीने तिच्या खोलीच्या भिंतीवर माझं चित्र लावल्याचा फोटो पाठवला. त्या दिवशी मी रडले होते.

तेव्हा 'सगळं जुनं चांगलं होतं' हे मला मान्य नाही. जुन्या व्यवस्थेत ज्यांच्या आधीच ओळखी होत्या त्यांचंच चालायचं.

अर्धविराम | मंगळवार, १०:४४

रेघोट्या, तुझा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता. तुझी चित्रं मला दिसावीत हे मला हवंच आहे गं. पण तुझं चित्र दिसण्यासाठी माझ्या मैत्रिणीची पोस्ट का जावी? दोन्हींना जागा नाही का?

रेघोट्या | मंगळवार, १०:५१

आहे ना. आणि गंमत म्हणजे आता मलाही तोच त्रास आहे. ज्यांनी मला मुद्दाम फॉलो केलं त्यांना माझं नवं चित्र दिसत नाही. 'तू हल्ली काढत नाहीस का?' असं विचारतात. दर आठवड्याला काढते हो! रीच हवा तर रील करा. चित्र हळूहळू कसं उमटतं याचा व्हिडिओ करण्यात चित्राइतकाच वेळ जातो.

पाटीपेन्सिल | मंगळवार, १३:१५

मी अकरा वर्षं जाहिरात-खरेदीचं काम करतो, म्हणजे या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूला बसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेबवरचा पहिला प्रसिद्ध बॅनर २७ ऑक्टोबर १९९४ला हॉटवायर्ड या साइटवर लागला, एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचा. त्याच वर्षी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू मोंटुली याने कुकी बनवली, म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद. मूळ हेतू साधा होता, साइटला तुम्ही परत आलात हे लक्षात राहावं. पुढे त्याच कुकीने एका साइटवरून दुसऱ्या साइटवर माणसाचा माग काढता आला आणि सगळा धंदा त्यावर उभा राहिला. आज तुम्ही एखादं पान उघडता तेव्हा ते पूर्ण दिसायच्या आत, सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात, तुमच्या नजरेचा लिलाव होऊन गेलेला असतो. बोली लावणारे प्रोग्रॅम असतात. मी फक्त आधी सांगून ठेवतो की असा असा माणूस असेल तर इतकी बोली लाव.

एप्रिल २०२१मध्ये ॲपलने आयफोनसाठी आयओएस १४.५ आणलं आणि ॲपला 'तुमचा माग काढू का?' हे विचारणं सक्तीचं केलं. बहुतेकांनी नाही म्हटलं. मेटाने २०२२च्या सुरुवातीला सांगितलं की यामुळे त्या वर्षी साधारण १० अब्ज डॉलरचं नुकसान होईल. आमच्या ऑफिसात त्या महिन्यांत हाहाकार होता. काल चालणारी जाहिरात आज कुणाला दिसतेय तेच कळेना.

आता अर्धविराम यांच्या प्रश्नाकडे येतो. बाहेरचा माग तुटला की आतला माग मोलाचा होतो. तुम्ही ॲपच्या आत कुठल्या व्हिडिओवर किती सेकंद थांबलात हे कुणाला विचारावं लागत नाही. मैत्रिणीच्या पोस्टवरून तुमच्याबद्दल फार थोडं कळतं, ती कशाबद्दलही असो तुम्ही थांबणारच. अनोळखी व्हिडिओ दिवसाला शंभर दाखवले तर शंभर प्रश्न विचारल्यासारखं असतं. बुटांवर थांबलात, गालिच्यावर थांबलात, नटाचं घर सोडून दिलंत. त्यात टिकटॉकशी स्पर्धा. झुकरबर्ग यांनी जुलै २०२२मध्ये गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की फेसबुक फीडमधला सुमारे १५ टक्के मजकूर तुम्ही फॉलो न केलेल्या खात्यांचा असतो, एआयने सुचवलेला, आणि २०२३च्या अखेरपर्यंत हे प्रमाण दुपटीहून जास्त होईल. जे दिसतंय ते सांगून केलेलं आहे.

२०२४मध्ये मेटाचं उत्पन्न १६४ अब्ज डॉलरच्या वर गेलं, त्यातलं जवळजवळ सगळं जाहिरातींचं. मी त्याच गाड्यावर पोट भरतो. तरी सांगतो, माझ्या स्वतःच्या मुलीच्या फोनवर मी सगळ्या ॲपना 'नाही' दाबून ठेवलंय.

वाटसरू२२ | मंगळवार, १३:३०

पाटीपेन्सिल दादा, वाचनखूण साठवली. एक खरं सांगा, फोन आपलं बोलणं ऐकतो का? मी चालायच्या काठीबद्दल फक्त बोललो होतो, तासाभरात काठीची जाहिरात!

पाटीपेन्सिल | मंगळवार, १३:५२

हा प्रश्न मला लग्नाकार्यात सगळ्यात जास्त विचारला जातो. :-)

नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये सतरा हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली होती. गुपचूप माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही त्यांना सापडलं नाही. काही ॲप मात्र स्क्रीनवर काय चाललंय त्याचं चित्रण बाहेर पाठवताना सापडली. ऐकायची गरज पडत नाही हो. तुम्ही बोललात, घरात दुसऱ्या कुणीतरी त्याच वायफायवर काठी शोधली, तुमचं वय कळलेलं आहे, तुमच्यासारख्या माणसांनी काठी घेतलेली आहे. आणि ज्या पन्नास जाहिराती जुळल्या नाहीत त्या तुमच्या लक्षात राहिल्या नाहीत.

वाटसरू२२ | मंगळवार, १३:५८

बायकोनेच शोधली होती. आत्ता विचारलं!

शब्दवेडी | मंगळवार, १५:०७

थोडं अवांतर, पण धाग्याशी नातं आहे. आपली माणसं गेली त्या जागी आलं काय? अनोळखी माणसं तरी आली का? माझ्या फीडमध्ये निम्मी 'माणसं' माणसंच नाहीत. २०२४मध्ये कोळंबीच्या शरीराच्या येशूची एआय चित्रं फेसबुकभर पसरली होती, आठवतंय? खाली 'आमेन'च्या रांगा. तेव्हा ती अपवाद वाटली होती.

मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने २०२५चा शब्द म्हणून 'स्लॉप' (एआयने ढिगाने बनवलेला निकृष्ट मजकूर) निवडला. ऑक्सफर्डने २०२४ला 'ब्रेन रॉट' (असलं बघून डोकं सडणं) आणि २०२५ला 'रेज बेट' (मुद्दाम राग आणणारी पोस्ट). मला या तिन्हींना मराठी शब्द हवेत. नाव दिलं की वस्तू नीट ओळखता येते. स्लॉपला मी 'फोलपट' म्हणते. दिसायला दाण्यासारखं, आत काही नाही, आणि ढीग मात्र केवढा.

जुनापिंपळ | मंगळवार, १५:२५

फोलपट उत्तम! पाखडल्याशिवाय कळत नाही, हेही लागू पडतं.

खिडकीपाशी | मंगळवार, १५:४०

'गाळ' कसा वाटतो? तो साचतो आणि प्रवाह अडवतो. 'रेज बेट'साठी 'संतापगळ'. गळ टाकून बसलेत, आपण तोंड उघडलं की लागलो.

वाटसरू२२ | मंगळवार, १५:४३

म्हणजे आपण सगळे मासे. आणि मी काठी मागणारा मासा.

शब्दवेडी | मंगळवार, १५:४९

संतापगळ घेतला! आजपासून वापरणार. चुकीचं व्याकरण मुद्दाम लिहून 'बरोबर आहे का?' विचारणाऱ्या पोस्टना मी कितीदा उत्तर दिलंय. रागाने लिहिलेला प्रतिसादही त्यांच्या खात्यात 'प्रतिसाद' म्हणूनच जमा होतो, हे समजायला मला फार वर्षं लागली.

उंबरठा | मंगळवार, १८:३०

हसून घेतलं, पण एक गंभीर अनुभव लिहायचा आहे.

माझ्या वडिलांना एका व्यासपीठावर (नाव लिहीत नाही) जाहिरात दिसली. एक नामवंत गृहस्थ कॅमेऱ्यात बघून गुंतवणुकीची योजना सांगत होते. आवाज तोच, हातवारे तेच. व्हिडिओ खोटा होता. वडिलांनी आयुष्यभर हिशेब चोख ठेवले, ते भोळे नाहीत. त्यांचे बरेच पैसे गेले. मी जाहिरातीची तक्रार केली. चार दिवसांनी उत्तर आलं की आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. वडील अजून पैशांपेक्षा 'मला कसं कळलं नाही' हेच बोलतात. ते जास्त लागतं मनाला.

कानामात्रा | मंगळवार, १९:१०

उंबरठा, वडिलांना सांगा की चूक त्यांची नाही.

तुमचं व्यासपीठ कुठलं ते मला ठाऊक नाही, हे सगळीकडेच आहे. पण नोव्हेंबर २०२५मध्ये रॉयटर्सने मेटाच्या अंतर्गत कागदपत्रांवरून एक बातमी दिली होती. २०२४च्या उत्पन्नातला सुमारे १० टक्के भाग, म्हणजे साधारण १६ अब्ज डॉलर, फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल असा अंदाज त्या कागदांत होता. कंपनीचं म्हणणं, हा अंदाज ढोबळ आणि फुगलेला आहे. फुगा निम्मा केला तरी रक्कम लहान होत नाही. शिवाय फसव्या जाहिरातीवर जो एकदा दाबतो त्याला तशाच आणखी दिसतात, कारण यंत्रणेच्या दृष्टीने त्याला 'रस' आहे. वडिलांच्या फोनवर जाहिरातीच्या आवडी पुसून टाका, आजच.

पाटीपेन्सिल | मंगळवार, १९:२२

वरचं शेवटचं वाक्य अगदी बरोबर. आणि त्यांना आता 'पैसे परत मिळवून देतो' म्हणणारे शोधत येतील. तेही बहुधा तेच लोक असतात. सावध राहा.

उंबरठा | मंगळवार, १९:४०

आला होता असा फोन. धन्यवाद दोघांनाही.

खडूफळा | मंगळवार, २१:१५

शिक्षिका आहे, म्हणून मुलांबद्दल. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी केली. कंपनीने योग्य ती पावलं उचलली नाहीत तर ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड, मुलांना किंवा पालकांना नाही. दंड कुणाला हे मला आवडलं.

तरी मी पूर्ण बाजूने नाही. माझ्या वर्गात एक मुलगा बोलताना अडखळतो, त्याचे सगळे मित्र ऑनलाइन आहेत. त्याचं काय?

रेघोट्या | मंगळवार, २१:३३

खडूफळा ताई, मी तोच मुलगा होते, म्हणजे मुलगी. बंदी असती तर मी कुणाशी बोलले असते माहीत नाही. मला बंदीऐवजी फीड बदललेलं हवं होतं.

खिडकीपाशी | मंगळवार, २२:४५

दिवसभर वाचतेय, आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. आपली माणसं फीडमधून काढली गेली, आणि आपण स्वतःहूनही निघालो.

मी दोन वर्षांपूर्वी लिहिणं थांबवलं. कारण असं, की खिडकीतल्या झाडाचा फोटो टाकला होता, दहा ओळखीचे 'छान' म्हणतील म्हणून. तो कुठून कसा उचलला गेला आणि शेकडो अनोळखी लोक आले. कुणी कुंडीवरून बोललं, कुणी माझ्या हातावरून. तेव्हापासून दोन मैत्रिणींना थेट पाठवते, संपलं. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीही २०२३मध्ये सांगितलं होतं की मित्रांमधली देवाणघेवाण आता स्टोरी आणि खासगी संदेशांत गेली आहे. म्हणजे आपण लिहीत नाही, त्यामुळे दाखवायला आपलं काही उरत नाही, मग अनोळखी जास्त, मग आपण आणखी गप्प.

आणि खासगी जागेचीही खात्री नाही. २०१२मध्ये व्हॉट्सॲपच्या संस्थापकांनी आम्ही जाहिराती का विकत नाही यावर लेख लिहिला होता. २०१४मध्ये १९ अब्ज डॉलरला कंपनी फेसबुकला विकली गेली. जून २०२५मध्ये अपडेट्सच्या टॅबमध्ये जाहिराती येणार हे जाहीर झालं. चॅटमध्ये नाहीत, अजून.

जुनापिंपळ | बुधवार, ०७:०५

हे मात्र खरं. मीही शेवटचं कधी लिहिलं ते शोधलं. २०२२.

कानामात्रा | बुधवार, ०९:३०

उपाय विचारले होते ना, मला जमले ते लिहितो.

इन्स्टाग्रामवर वरच्या नावावर दाबलं की 'फॉलोइंग' निवडता येतं, तारखेनुसार दिसतं. सुचवलेल्या पोस्ट तीस दिवस बंद करायचीही सोय सेटिंगमध्ये आहे. फेसबुकवर 'फीड्स'मध्ये 'फ्रेंड्स' शोधा. युरोपात ऑगस्ट २०२३पासून मोठ्या व्यासपीठांना वैयक्तिक माहितीवर न बेतलेल्या फीडचा पर्याय देणं कायद्याने भाग आहे. तरी ॲप परत उघडलं की निवड उडायची. ऑक्टोबर २०२५मध्ये ॲमस्टरडॅमच्या कोर्टाने मेटाला सांगितलं की माणसाने केलेली निवड टिकली पाहिजे. एवढ्या साध्या गोष्टीसाठी कोर्टात जावं लागलं.

जुनापिंपळ काका, आरएसएस, म्हणजे गूगल रीडर ज्यावर चालायचं ती साइटचं नवं लिखाण पोचवण्याची पद्धत, अजून जिवंत आहे. वाचक ॲप टाका, तुमच्या सत्तर जागांपैकी काही नक्की सापडतील.

जुनापिंपळ | बुधवार, ११:४८

टाकलं. सत्तरपैकी बावीस चालू आहेत! एकाने परवाच लिहिलंय. फार बरं वाटलं.

अर्धविराम | बुधवार, २३:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. शब्दवेडी, सोमवारी फोन केला नव्हता, धीर होत नव्हता. आज तिच्याकडे जाऊन आले.

तिला वाटलं होतं की मी वाचलं आणि काही बोलले नाही. नऊ दिवस ती ते मनात धरून होती. मी माझा फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, बघ, खाली जात राहा, तुझी पोस्ट कुठे दिसते ते सांग. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने तिचा फोन माझ्याकडे दिला. मी मार्चमध्ये हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा लिहिलं होतं, ते तिला दिसलं नव्हतं. मीही तेव्हा मनात धरलं होतं की हिने साधी चौकशी केली नाही.

दोघींनी बसून एकमेकींच्या फोनवर कानामात्रांनी सांगितलेली सेटिंग्ज केली.

कानामात्रा | बुधवार, २३:२४

ते तीस दिवसांनी परत सुरू होतं. तारीख लिहून ठेवा.

अर्धविराम | बुधवार, २३:२६

लिहिली. तिच्याही कॅलेंडरमध्ये टाकली आहे.